पाठीचा दोरा

संग्रहालयातल्या पाट्या मी खालून वर वाचते. वर वस्तूचं नाव असतं, मग ती करणाऱ्या लोकांचं, मग साल, आणि तळाशी बारीक अक्षरांत साहित्य: सीलचं कातडं, कॅरिबूचं कातडं, काचेचे मणी, फ्लॅनेलचा तुकडा. या यादीत अगदी शेवटी बहुतेक वेळा एक शब्द येतो, कंडरा. मांसाला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट शीर. जिच्यामुळे वरचं सगळं साहित्य एकमेकांना धरून आहे तिचा नंबर शेवटचा. कधी कधी तर तिला पाटीवर जागाच मिळत नाही.

हाताने शिवणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, माझी नजर नक्षीच्या आधी शिवणीवर जाते. आई ब्लाउजची तुरपाई कापड उलटं करून तपासायची. वरून सगळेच बरे दिसतात, असं तिचं मत. संग्रहालयात वस्तू उलटी करून बघायची सोय नसते. मान वाकडी करून, काचेला नाक लावून जेवढं दिसेल तेवढं. टोरांटोला ब्लूर स्ट्रीटवर बाटांचं पादत्राणांचं संग्रहालय आहे, तिथे मी अशीच काचेला चिकटून उभी असते. हो, आपलेच बाटा. शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांमुळे निम्मा महाराष्ट्र ज्यांना स्वदेशी समजतो ते. कंपनी मूळची झेक, १८९४ साली झ्लिन गावात सुरू झालेली. कुटुंब पुढे कॅनडात आलं आणि सोन्या बाटा यांनी जगभरची पादत्राणं जमवली. १९९५ पासून ती या इमारतीत आहेत. खोक्याचं झाकण थोडं उघडं राहिल्यासारखी तिची रचना आहे. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचे बूट हा या संग्रहाचा फार मोठा आणि माझ्या मते सर्वांत चांगला भाग.

इनुइट लोकांचा कामिक हा बूट घ्या. तळवा दाढीवाल्या सीलच्या जाड कातड्याचा, वरचा भाग लहान सीलच्या पातळ कातड्याचा. पायाच्या बोटांपाशी तळव्याचं कातडं बारीक चुण्या घालून वर वळवलेलं असतं. या चुण्या पूर्वी दातांनी चावून पाडत. तळवा आणि वरचा भाग जिथे जोडला जातो ती शिवण शोधायला गेलं तर जवळजवळ दिसत नाही. आणि तिथेच सगळी करामत आहे.

हा बूट वितळत्या बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास राहणार. सुईचं एक भोक जरी बाहेरून आतपर्यंत गेलं तरी पाणी शिरणार, पाय ओला होणार, आणि त्या थंडीत ओला पाय म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून शिवण दोनदा घालायची. पहिल्या वेळी सुई एका कातड्यातून पार जाते, पण दुसऱ्याच्या निम्म्याच जाडीत शिरते आणि त्याच बाजूने बाहेर येते. मग काम उलटं करून दुसरी ओळ, तशीच अर्ध्या जाडीतून. दोन्ही ओळी मिळून एकही भोक आरपार जात नाही. मशीनच्या टिपेचं याच्या नेमकं उलट असतं, आरपार भोक पाडल्याशिवाय तिचं कामच होत नाही. त्यावर कंडरेचा स्वतःचा गुण असा की ती भिजली की फुगते. ज्या भोकात ती बसली आहे ते भोक ती स्वतःच बुजवते. सुती दोऱ्याला हे इतकं चांगलं जमत नाही.

आता हा दोरा येतो कुठून ते. कॅरिबू हे उत्तर अमेरिकेतलं थंड प्रदेशातलं हरीण. युरोपात आणि सायबेरियात त्याला रेनडियर म्हणतात. त्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यापासून कमरेपर्यंत, मांसावर एक चकचकीत पांढरा पट्टा पसरलेला असतो. कातडं काढल्यावर तो सुरीने अलगद सोडवायचा. उलू नावाची बायकांची अर्धगोल पात्याची सुरी असते, तिने चिकटलेलं मांस आणि चरबी खरवडायची, पट्टा सपाट पसरून वाळवायचा. वाळला की तो कडक आणि अर्धपारदर्शक होतो. मग त्यातून नखाने एकेक तंतू उभा सोलायचा. बुटाच्या तळव्याला जाड, लहान मुलाच्या कपड्याला अगदी बारीक, असा हवा तेवढा. याला म्हणतात इवालू. पायाच्या कंडरेतूनही धागा निघतो, पण तिला ठेचून मोकळी करावी लागते. किनाऱ्यावरचे लोक बेलुगा आणि नारव्हाल या समुद्री प्राण्यांच्या पाठीची कंडरा वापरत.

या दोऱ्याला रीळ नाही, ही गोष्ट मला शिवणारी म्हणून फार अस्वस्थ करते. आपल्याला दोरा हवा तेवढा लांब घ्यायची सवय. मोठा दोरा घेऊन शिवणारी आळशी, असं आई म्हणायची, पण घेता तर येतो. इथे जनावराची पाठ जेवढी तेवढाच दोरा, दीड-दोन फूट. तो संपला की नवा तंतू सोलायचा, ओला करायचा, पिळायचा, पुन्हा सुरुवात. कपडा केवढा मोठा आहे याचा हिशेब सुरुवातीपासूनच प्राण्याच्या अंगावरून चालतो. इतकी कातडी, म्हणून इतकी हरणं, म्हणून इतका दोरा. हिवाळ्याचा पूर्ण पोशाख दुहेरी असतो. आतला थर केस अंगाकडे करून, बाहेरचा केस बाहेर करून. कॅरिबूचे केस आतून पोकळ असल्याने त्यांत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. पण ही ऊब शिवणीपाशी गळायला वेळ लागत नाही. शिकारी बर्फात कितीही हुशार असला तरी त्याचा जीव घरातल्या बाईच्या टाक्यावर टांगलेला असे. शिकारीबद्दल लोक रंगवून बोलतात, टाक्याबद्दल कमी.

ही शिवणकामं शरद ऋतूत उरकावी लागत. ऑगस्ट-सप्टेंबरमधलं कातडं सर्वांत चांगलं, केस ना फार विरळ ना फार जाड. नेटसिलिक आणि इग्लुलिक या इनुइट गटांत आणखी एक कडक नियम होता. जमिनीवरच्या प्राण्याचं काम आणि समुद्रातल्या प्राण्याचं काम एकमेकांत मिसळायचं नाही. समुद्राच्या गोठलेल्या पाठीवर सीलच्या शिकारीसाठी मुक्काम हलला की कॅरिबूच्या कातड्यांची शिवण बंद. १९२१ ते १९२४ या काळात कुत्र्यांच्या गाडीवरून त्या प्रदेशात फिरलेल्या क्नूद रासमुसेन या डॅनिश संशोधकाने अशा नियमांच्या लांबलचक नोंदी केल्या आहेत. असं काही वाचलं की ‘त्यामागे शास्त्र होतं’ असं लगेच म्हणायची आपल्याकडे खोड आहे. मी म्हणणार नाही. नियम होता, तो पाळत होते. त्यामुळे शरदातले ते थोडे आठवडे घराघरांत दिवसरात्र सुया चालत, आणि बर्फावर जायच्या आधी शेवटचा टाका पडलेला असे.

रोआल्ड अमुंडसेन हे नाव आपण शाळेत पाठ केलं. दक्षिण ध्रुव, १४ डिसेंबर १९११. त्याच्या आधी १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या किंग विल्यम बेटावर आपलं छोटं जहाज नांगरून नेटसिलिक लोकांच्या शेजारी राहिला होता. तिथे त्याने कपडे घालायला शिकून घेतलं. बोलायला विचित्र वाटतं, पण तेच शिकला. सैल, दुहेरी, घाम बाहेर जाऊ देणारे कातड्याचे कपडे कसे घालायचे ते. ध्रुवावर जाताना त्याच धर्तीचे कपडे त्याने बरोबर नेले. इतिहासाच्या पुस्तकात ध्रुवावर पोचलेल्यांची नावं असतात. त्या आधी ज्यांच्या हातचे टाके बघून तो शहाणा झाला त्या बायकांची नसतात.

ओटावात उत्तरेकडून आलेल्या इनुइट कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे अशाच एका आजींकडे काही जणी शिवण शिकायला बसायच्या, त्यांत एका हिवाळ्यात मीही शिरले. आजी फारसं समजावून सांगत नसत. करून दाखवत, आणि मग आपण केलेलं उसवून परत हातात देत. पहिल्याच दिवशी त्यांनी वाळलेल्या पट्ट्यातून एक तंतू सोलला, तोंडात घातला, ओठांमधून ओढून बाहेर काढला, दोन बोटांत पिळला. टोक तेवढं कोरडं आणि ताठ ठेवलं, कारण सुईच्या नेढ्यात तेच जायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी तो तंतू बराच वेळ हातात धरून बसले. माझ्या घरी मांसाहार होतो. पण मटण आणताना वडील खाटकाला ‘शिरा काढून दे’ म्हणून बजावत, आणि तीच शीर मी आता ओठांत धरणार होते. धरली. चव म्हणाल तर काहीच नाही, किंचित खारट. काही क्षणांत ती मऊ झाली आणि बोटांत अशी वळली की मला वाटलं हिला वळायचं आधीच माहीत आहे.

रात्री आईला फोनवर सांगितलं.

“तोंडात? कच्चीच?”

“वाळवलेली असते गं.”

“वास?”

“नाही येत.”

आई जरा थांबली. “मग एवढं काय त्यात? सुई ओवताना दोऱ्याचं टोक आपणही तोंडातच घालतो की.”

पुढे तिने विचारलं की हा दोरा उकळत्या पाण्यात धुता येतो का, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. येत नाही. कंडरा म्हणजे पाणी वगळलं तर मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. साठ अंश सेल्सियसच्या पुढे ओलं कोलॅजेन आकसायला लागतं, आणि उकळत ठेवलं तर विरघळून त्याचा जिलेटिन होतो. पाया रात्रभर शिजवला की रस्सा बोटांना चिकटतो तो याच्यामुळे. सुताराचा सरसही यातूनच. एकाच वस्तूतून आच दिली की सरस मिळतो आणि नुसती वाळवली की दोरा. म्हणून ओले कामिक आगीजवळ ठेवायचे नसतात. वर टांगून सावकाश वाळवतात. आजींच्या भाषेत या सूचनेला एकच हातवारे होते आणि ते पुरेसे होते.

कोलॅजेनच्या रेणूची घडण कशी असते हे कोडं सुटलं मद्रासला, हे मला उशिरा कळलं आणि फार आवडलं. १९५२ मध्ये इंग्लंडचे शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रास विद्यापीठात आले असताना त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनचा विषय हातात घेतला. रामचंद्रन तेव्हा तिशीचे. चर्म संशोधनाची केंद्रीय संस्था शेजारीच होती. त्यांनी आणि गोपीनाथ करथा यांनी क्ष-किरणांची चित्रं घेतली आणि १९५४ साली तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी ती सुधारली: तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. म्हणजे बोटांनी पिळण्याआधीच आत एक पीळ असतो, आणि त्या पिळांचे जुडगे, त्या जुडग्यांचे आणखी मोठे जुडगे, सगळे एकाच दिशेने मांडलेले. नखाने तंतू उभा सरळ सोलला जातो तो त्यामुळे. यासाठी मद्रासला जो नमुना वापरला तो होता कांगारूच्या शेपटीची कंडरा. शुद्ध, सरळ, एकसारख्या तंतूंची, क्ष-किरणांसाठी उत्तम.

प्रयोगशाळेला ती उत्तम वाटली यात नवल नाही. ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांनी ती केव्हाच निवडून ठेवली होती. भाल्याला टोक बांधायला, भाला फेकायच्या दांडीवरची खुंटी पक्की करायला, कांगारूच्या शेपटीची कंडरा आणि वर झाडाचा डिंक. आग्नेय भागात, जिथे थंडी पडते तिथे, याच कंडरेने पॉसम या छोट्या झाडावरच्या प्राण्याच्या कातड्यांचे झगे शिवत. एकेका झग्याला कित्येक डझन कातडी. आतल्या बाजूने कोरलेल्या रेघांत त्या माणसाचं कूळ आणि प्रदेश. मूल जन्मलं की त्याचा लहानसा झगा करत, मूल वाढेल तशी त्याला कातडी जोडत जात, आणि माणूस मेला की त्यात गुंडाळून पुरत. मग वसाहतीच्या सरकारने ब्लँकेटं वाटली. कातड्याचा झगा पाऊस बाहेर ठेवतो, ब्लँकेट तो पिऊन घेतं. ओल्या लोकरीत राहिलेल्या लोकांना छातीचे आजार जडले.

झगे पुरले गेल्याने म्हणा किंवा जमवणाऱ्यांनी इतस्ततः नेल्याने म्हणा, व्हिक्टोरियात एकोणिसाव्या शतकातले जुने झगे फक्त दोन उरले: एक १८५३ चा, एक १८७२ चा. दोन्ही मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत. १९९९ मध्ये व्हिकी कझन्स, ली डॅरक आणि त्यांच्या सोबतच्या कलावंत बायकांनी ते बघितले आणि तसे नवे करायला घेतले. गंमत अशी की ऑस्ट्रेलियात पॉसम संरक्षित आहे, पण न्यूझीलंडमध्ये सोडलेला पॉसम तिथे उपद्रवी ठरला आहे. त्यामुळे नव्या झग्यांची कातडी न्यूझीलंडहून येतात. रेघा तापलेल्या विजेच्या लेखणीने उमटवतात. शिवायला मेण लावलेला विकतचा दोरा. २००६ च्या मेलबर्नच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाला वडीलधारी मंडळी हे झगे पांघरून आली होती. आता व्हिक्टोरियात बाळाच्या स्वागताला आणि पदवीदानालाही ते दिसतात.

कंडरा नुसती शिवायला नव्हती. धनुष्याला तिने जे केलं ते मला शिवणकामाइतकंच चतुर वाटतं. धनुष्य ओढलं की त्याची शिकाऱ्यापासून दूरची बाजू ताणली जाते. लाकूड साधारण एक टक्का ताणलं गेलं की तडकायच्या बेतात येतं. कंडरा त्याच्या कित्येक पट ताण सोसते आणि परत जागेवर येते. म्हणून लाकडाच्या त्या बाजूला कंडरेचे तंतू सरसाने चिकटवले तर आखूड धनुष्यही जोरदार होतं. ध्रुवाकडे तर झाडंच नाहीत. वाहून आलेली ओंडकी, ठिसूळ. तिथल्या धनुष्यांना कंडरा चिकटवत नसत. वेणी घातलेली दोरी धनुष्याच्या पाठीवर उभी ताणून बांधत आणि हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या छोट्या दांडक्याने पीळ देऊन ती हवी तेवढी घट्ट करत. १८८१ ते १८८३ मध्ये अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथे राहिलेल्या जॉन मर्डॉकने या धनुष्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांत लाकूड जणू दोरीला ताठ ठेवायला आहे, जोर सगळा कंडरेचा.

सरसाचं काम बघायचं तर कॅलिफोर्नियातला इशी. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिलजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात हा एकटा, उपाशी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला मागे राहिलेला शेवटचा. त्याच्या लोकांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकार केल्यासारखं टिपून मारलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवून घेतलं, तिथेच तो राहिला आणि मार्च १९१६ मध्ये क्षयाने गेला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून तिरंदाजी शिकले. इशी हरणाच्या पायाची कंडरा चावून चावून मऊ करायचा, तंतू सुटे करायचा, सामन माशाच्या कातडीच्या सरसाने जुनिपरच्या लाकडावर बसवायचा, आणि मग वाळू द्यायचा. घाई नाही. प्रत्यंचाही कंडरेचीच, बाणाची पिसंही तिनेच बांधलेली, एक टोक दातांत धरून. त्याने केलेली धनुष्यं आणि बाण आजही संग्रहालयात आहेत. मृत्यूनंतर त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला होता. तो त्याच्या नात्यातल्या लोकांच्या हाती २००० साली आला. ज्या संस्था दोऱ्याचा तंतू न्‌ तंतू जपतात त्यांना माणूस असा वेगळा करता आला, हे वाचून मला पुढे वाचवेना.

आपल्या मातीत याचं काही आहे का, म्हणून शोधलं. आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात प्रत्यंचा कशाकशाच्या करायच्या याची यादी येते: मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू, म्हणजे तिथे कंडराच. वनस्पतींच्या रांगेत शेवटी एक प्राणी. तिथेही शेवटीच! सुश्रुतसंहितेत जखम शिवायच्या धाग्यांची यादी आहे आणि तिच्यातही अश्मंतकाची साल, ताग आणि अळशीचं सूत यांच्यासोबत स्नायू आणि केस आहेत. अश्मंतक म्हणजे आपटा, दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तोच. मात्र ही गोष्ट फार ताणू नये. आपल्या दमट हवेत सरसाने चिकटवलेली धनुष्यं पावसाळ्यात सुटी होत, आणि इथे मुघलकाळात पोलादाची धनुष्यं निघाली त्याचं हे एक कारण सांगतात. कापूस, ताग, अंबाडी हाताशी असलेल्या मुलखाने हरणाच्या पाठीवर अवलंबून राहायचं कारण नव्हतं.

हरणाच्या काय किंवा गव्याच्या काय, पाठीवर अवलंबून असलेल्यांचं पुढे काय झालं, तर उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानात लाकोटा आणि इतर लोक गव्यासारख्या बायसनच्या कंडरेने मणिकाम करत. आरीने कातड्याच्या वरच्याच थरात भोक पाडायचं, कंडरेचं ताठ टोक त्यातून सुईविना घालायचं. आतल्या बाजूला टाका दिसत नाही. मणी व्हेनिसचे आणि बोहेमियाचे, दोरा घरचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोट्यवधी बायसनांपैकी हजारभरही उरले नाहीत. लोकांना राखीव भागात कोंडलं, शिधा म्हणून गुरं दिली. बायकांनी त्या गुरांच्या पाठीचा दोरा काढला आणि मणिकाम चालू ठेवलं. मला या गोष्टीत काही उदात्त वगैरे दिसत नाही. दोरा संपला तर दुसरा शोधायचा, एवढं शिवणाऱ्या प्रत्येकीला कळतं.

जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र ‘कंडरेने शिवलेलं’ या दोन शब्दांना भाव आहे. तसं लिहिलं की मण्यांचा तोच बटवा महाग होतो, आणि सुती दोऱ्याने शिवलेला असेल तर उशिराचा, बाटलेला ठरतो. संग्राहक भिंग लावून शिवण तपासतात. इथे मला आईची आठवण व्हायला हवी, पण नाही होत. ती तुरपाई उलटून बघायची ती टिकेल का हे कळायला. हे बघतात ते अस्सल आहे का हे ठरवायला, आणि अस्सल म्हणजे त्यांच्या लेखी जुनं. यातल्या पुष्कळ जुन्या वस्तूंवर किडीपासून वाचवायला संग्रहालयांनी एकेकाळी आर्सेनिक मारलेलं आहे. आता त्या मूळ लोकांकडे परत जातात तेव्हा हातमोजे घालून हाताळाव्या लागतात. शिवणारीच्या नातीने आजीचं काम बोटांनी चाचपायचं तर मध्ये रबर.

आज ‘कृत्रिम कंडरा’ या नावाने मेण लावलेला नायलॉनचा चपटा धागा रिळांवर मिळतो. तो उभा चिरून बारीक करता येतो, सडत नाही, किडा लागत नाही. भिजल्यावर फुगतही नाही. कोणी शिवायला तो वापरला तर लोक नाक मुरडतात, त्यांतले बहुतेक कधी ओल्या बर्फात चाललेले नसतात. उत्तरेकडच्या पुष्कळ बायका दात कोरायचा मेणाचा धागा, फ्लॉस, शिवायला घेतात. औषधांच्या दुकानात मिळतो, चिवट असतो, आणि त्याला मेण आहे.

ओटावाच्या आजींच्या शिवणाच्या डब्यात एका कागदात गुंडाळलेला कंडरेचा पट्टा होता आणि शेजारी फ्लॉसच्या डब्या. तळव्याच्या शिवणीला पट्ट्यातला तंतू, बाकीच्याला फ्लॉस, असा त्यांचा साधा हिशेब. कंडरा महाग आणि उत्तरेतून कोणी पाठवेल तेव्हाच यायची. घरी सरावाला काय आणू म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या फ्लॉस आण, मेणाचा, आणि पुदिन्याचा आणू नकोस. पुदिन्याचा का नको, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, दिवसभर तोंडात धरून बघ.